खलनायकाची पाठ

एम.ए.च्या वर्गाला रोलाँ बार्थचा कुस्तीवरील निबंध मी बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. चिन्हमीमांसेची ओळख करून देण्यास तो सोयीचा पडतो. विद्यार्थ्यांनी दूरचित्रवाणीवर त्या प्रकारच्या लढती लहानपणापासून पाहिलेल्या असतात, आणि ज्याला आपण ‘खोटे’ म्हणून हिणवीत आलो त्याचे एवढ्या गांभीर्याने वाचन होऊ शकते, याचे त्यांना नवल वाटते. गेल्या वर्षी तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण जो हरायचं ठरवूनच रिंगणात उतरतो, त्याला लागत नाही का?” मी म्हणालो, “हा प्रश्न संहितेच्या कक्षेबाहेरचा आहे.” पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने उत्तर बिनचूक होते. परंतु ते देताना मला माझ्या थोरल्या चुलत्यांची उघडी पाठ आठवली, आणि तेव्हापासून हे उत्तर मला स्वस्थ बसू देत नाही.

बार्थचा हा निबंध प्रथम १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात आरंभी आला. व्यावसायिक कुस्ती हा क्रीडाप्रकार नसून ते एक दर्शन आहे. मल्लाचे काम जिंकणे हे नसून प्रेक्षकाला अपेक्षित असलेली मुद्रा पूर्णपणे वठवणे हे आहे. दुष्टाचे शरीर पहिल्या क्षणापासूनच त्याच्या दुष्टपणाचे चिन्ह असते. आणि लढत ठरवून झाली की खरी झाली याच्याशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते, अशी त्याची थोडक्यात मांडणी. योगायोग असा की, त्याच १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, तेही ‘फ्रीस्टाइल’ कुस्तीत. हाच शब्द पुढे मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना चिकटला, आणि तेथून वृत्तपत्रांच्या मराठीत ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ म्हणून स्थिरावला. एकाच शब्दात कसोटीची कुस्ती आणि सोंगाची कुस्ती शेजारी शेजारी नांदू लागल्या. मराठी प्रेक्षकाने मात्र त्यांची गल्लत कधी केली नाही. ठरवून खेळलेल्या लढतीसाठी त्याच्यापाशी ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आहे, आणि आज तो राजकारणावर लिहिताना अधिक वापरला जातो.

माझे गाव राजुरी. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील हा भाग यात्रांचा आणि तमाशांचा. नारायणगाव फार दूर नाही. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा भरे. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी आरंभ व्हायचा, इनामाचे आकडे चढत जायचे, आणि उन्हे उतरल्यावर मानाची कुस्ती लागायची. हलगी कडाडत असे. परंतु या आखाड्यात खलनायक नसे. हरलेला मल्ल वाईट नव्हे, फक्त हरलेला. पाठ मातीला लागली की निकाल लागला. न लागली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवीत. ‘नुरा’ असा नुसता संशय आला तरी माणसे आखाड्यात उतरत. आणि त्याच रात्री, तीच माणसे, तमाशाच्या फडासमोर बसून दुष्टाची वाट पाहत. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली की वगात सावकार किंवा इनामदार यायचा. दुपारी ज्या गावाला ठरवलेला निकाल म्हणजे अपराध वाटला, त्याच गावाला रात्री तो हवा असे. बार्थ मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांत जो भेद करतो, तो आमच्याकडे एकाच दिवसाच्या दोन प्रहरांत वाटला गेला होता. दोन वेगळे करार होते, आणि गावाला ते दोन्ही तोंडपाठ होते.

माझे चुलते (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) या दुसऱ्या कराराचे मानकरी. तरुणपणी ते मुंबईला गिरणीत होते. पुढे गावी परतून एका फडात शिरले आणि वीसेक वर्षे त्यांनी वगातली खलपात्रे केली. खलनायकीचा पहिला पाठ त्यांना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर मिळाला, असे ते सांगत. किंगकाँग म्हणजे एमिल चाजा हा मूळचा हंगेरियन, पर्वतप्राय देहाचा मल्ल. पुढे सिंगापूरला राहिला आणि १९७० साली गेला. दारासिंगची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे: १९६८ साली त्याने मुंबईत लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवले, पुढे तो चित्रपटांत गेला, रामायण मालिकेतला हनुमान झाला, राज्यसभेत बसला. किंगकाँगचे नाव मात्र दारासिंगच्या कथेतला एक प्रसंग म्हणूनच उरले. अण्णांचे मत उलटे होते. “आरं, दारासिंगला दारासिंग केला कुणी? एवढं धूड डोक्यावर उचलायचं तर उचलला जाणाऱ्यानं आधी आंग हलकं करावं लागतं. लोक उचलणाऱ्याला बघत्यात. मी पडणाऱ्याला बघायचो.”

या वाक्यात एक काव्यशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षे लागली. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे सांगितली आहेत: तो लोभी, धीरोद्धत, हेकट, पापाचरणी आणि व्यसनी असतो. नायकाच्या प्रकारांची, नायिकांच्या अवस्थांची चर्चा विस्ताराने करणारा हा ग्रंथ प्रतिनायकाला अवघ्या ओळीभरात वाटेला लावतो. लक्षणे सांगितली, की त्याचे काम संपले. शास्त्राने त्याला नायकाच्या उत्कर्षाचे साधन मानले, आणि साधनाला श्रम असतात हे शास्त्राच्या विचारकक्षेत आले नाही. बार्थ या बाबतीत धनंजयाहून पुढे जातो, कारण तो दुष्टाच्या देहाकडे टक लावून पाहतो. तरीही तो देह त्याच्यासाठी चिन्हकच राहतो. निबंधाच्या अखेरीस तो एक चित्र रेखाटतो: काही क्षणांपूर्वी नैतिक संतापाने पेटलेला मल्ल आता हातात लहानशी बॅग घेऊन, पत्नीसह, निर्विकारपणे आणि कोणाच्याही न ओळखीचा असा सभागृहातून बाहेर पडतो. चिन्ह विरते आणि माणूस घरी जातो. वर्गात हा भाग मी नेहमी तल्लीन होऊन शिकवला आहे. महानगरात तसे होतही असेल.

राजुरीत तसे होत नव्हते. अण्णांचा फड एकदा आमच्याच यात्रेला आला होता. मी तेव्हा सात वर्षांचा. बायका तमाशाला उघड बसत नसत. पण वग सुरू झाला की लांबच्या ओट्यांवर, गच्च्यांवर जमत. काकूही त्यांत होत्या. रंगमंचावरच्या इनामदाराने विधवेचे शेत बळकावले तेव्हा बायकांनी कडाकडा बोटे मोडली, आणि काकूंनीही मोडली. मोठेपणी मी त्यांना त्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “न मोडून कसं चालंल? शेजारणीला वाटलं असतं, ही बघाया न्हाई, राखण कराया आलीय. मग त्यांचं काम पडलं असतं.” बार्थच्या मल्लाची पत्नी प्रयोग संपल्यावर त्याच्यासह चालू लागते. काकू प्रयोगाच्या आतच होत्या, आणि त्यांचा शाप खरा वाटावा यातच नवऱ्याचे यश होते. दुसऱ्या दिवसापासून शाळेत मला ‘इनामदार’ म्हणू लागले. ते नाव चौथीपर्यंत टिकले.

त्याच वगात अण्णांना दगड लागला होता, पण दुसऱ्या गावी. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली दोन बोटे रुंदीचा वण होता. हिवाळ्यात त्यांच्या पाठीला तेल चोळताना मी त्यावरून हात फिरवीत असे. दगड पाठीतच कसा लागला, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. “त्वांड बघून कुणी फेकीत न्हाई, बाळा. माणसाला माणसाच्या डोळ्यांची भीड आस्ती. पाठ दावली की फेकत्यात. म्हून धमकी दिल्यावर मी जाताना पाठ द्यायचो, अन् सावकाश जायचो. लोकांचा राग भरून आलेला आसतो, त्याला जागा नको का द्यायला?” नायकाने प्रेक्षकांकडे तोंड ठेवून जायचे आणि खलाने पाठ देऊन, हा त्यांनी स्वतः बसवलेला संकेत होता. दुपारच्या आखाड्यात पाठ टेकणे म्हणजे हार. रात्रीच्या आखाड्यात तीच पाठ ते आपण होऊन लोकांच्या स्वाधीन करीत.

गुडघे गेले तेव्हा अण्णा फडाचे मॅनेजर झाले. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला तेथे येतात. त्या राहुटीत अण्णा बसत. सोंग उतरले, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते वाढले होते. कमिटी पैसे कमी करायला लागली की मॅनेजरने अडून बसायचे, टाकून बोलायचे, पाहुण्यांना जवळजवळ उठवून लावायचे. मग मालकांनी आतून येऊन मॅनेजरला झापायचे आणि थोडे कमी करून सुपारी घ्यायची. कमिटी मालकांचे गुण गात परते. फडातल्या कलावंताने उचल मागितली, की नाही म्हणायचे काम मॅनेजरचे. दिवाळीला लुगडी वाटायचे काम मालकांचे. हा वग पहाटे संपत नसे. त्यात प्रेक्षकांना आपण प्रेक्षक आहोत हेही ठाऊक नव्हते, म्हणून येथे बोटे मोडली जात ती खरी.

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत हे पद अधिकृत आहे. बॉबी हीनन (१९४४–२०१७) हा मल्लही होता, पण नाव झाले ते दुष्ट मॅनेजर म्हणून. कमी बोलणाऱ्या अजस्र मल्लाच्या वतीने त्याने बोलायचे, प्रेक्षकांना डिवचायचे आणि शेवटी स्वतः मार खायचा. १९८७ च्या मार्चमध्ये हल्क होगनविरुद्ध आंद्रे द जायंट उतरला तेव्हा त्याच्या बाजूला हीनन होता. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, क्रीडा नियंत्रणातून सूट मिळावी म्हणून हे सारे करमणुकीत मोडते, अशी कबुली त्या व्यवसायाच्या चालकांनीच न्यू जर्सीत दिली. करार जाहीर झाला आणि हीननला माणूस म्हणून ओळखण्याची सोय झाली. पुढे घशाच्या कर्करोगाने त्याचा आवाज, म्हणजे त्याची सारी विद्या, हिरावून नेला. तेव्हा एकेकाळी त्याला शिव्या घालणाऱ्या प्रेक्षकांनीच हळहळ व्यक्त केली.

आपल्याकडे ही सोय निळू फुले यांच्या वाट्याला आली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या, ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील उभा करणाऱ्या या नटाची दहशत खेड्यापाड्यांत एवढी होती, की बायका त्यांना समोर पाहून बिचकत, असे सांगतात. पण त्यांचा दुसरा चेहरा वृत्तपत्रांतून, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठांवरून, सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामातून लोकांपुढे होता. २००९ साली ते गेले तेव्हा महाराष्ट्राने खलनायकाला नव्हे, एका सज्जनाला निरोप दिला. दुसरा चेहरा सार्वजनिक असणे ही खलनायकाची एकमेव संपत्ती होय, आणि ती सर्वांना सारखी वाटलेली नाही. अण्णांचा दुसरा चेहरा फक्त घरात होता.

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. माझा प्रबंध वगातील पात्ररचनेच्या संकेतांवर आहे. त्यातील खलपात्रावरचे प्रकरण परीक्षकांनी विशेष वाखाणले. त्यातली निम्मी सामग्री अण्णांची. तळटीपेत मी लिहिले: ‘माहितीदार: पुरुष, वय ६८, राजुरी.’ नाव घातले नाही, नाते सांगितले नाही. वस्तुनिष्ठतेचे कारण मी तेव्हा दिले असते. खरे कारण हे होते, की विद्यापीठात मला ‘इनामदार’ व्हायचे नव्हते. पदवी मिळाल्यावर ते प्रकरण मी अण्णांना वाचून दाखवले. ‘खलपात्राचे रंगमंचावरून निर्गमन’ हा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि मग कसलाही राग न धरता विचारले, “समदं बराबर हाय. पण यात दगूड कुठाय?”

दगड नव्हता. निर्गमनाचा संकेत होता, त्याचे कार्य होते, नायकाच्या निर्गमनाशी असलेला त्याचा विरोधही आकृतीसह दाखवला होता. ज्या पाठीवर तो संकेत कोरला गेला ती पाठ मी गाळली होती, आणि त्या गाळण्याला पद्धत म्हटले होते. बार्थने मल्लाला अनोळखी करून घरी पाठवले. त्याला तो मल्ल खरोखरच अनोळखी होता. मी माझ्या माणसाला तळटीपेत अनोळखी केले. या दोन कृती सारख्या नाहीत.

चिन्हमीमांसा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मला काढायचा नाही. तिच्यावाचून अण्णांच्या पाठ देण्यातली बुद्धी मला दिसलीच नसती. मी तो केवळ अपघात समजलो असतो. माझे म्हणणे एवढेच, की चिन्ह वाहणाऱ्याला त्या चिन्हाची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत कोणाकडून किती वसूल होते हा प्रश्न संहितेच्या बाहेरचा नाही. किंगकाँगच्या पडण्यात तो आहे, हीननच्या गेलेल्या आवाजात आहे, राहुटीतल्या अडून बसण्यात आहे. प्रयोगाची संहिता पुरी वाचायची तर प्रेक्षकाने कोठे फेकले आणि ते कोठे लागले, हेही वाचावे लागेल.

अण्णांना जाऊन आता काही वर्षे झाली. दशक्रियेला ज्या गावांत त्यांनी सुपाऱ्या केल्या तेथील काही माणसे आली होती. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “माणूस लई कडू व्हता, मालक मात्र देवमाणूस.” मी मान हलवली. त्यांचे काम पडू नये असे मला वाटले, की त्यांच्या वतीने बोलण्याचे धैर्य मला झाले नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

यंदा तो निबंध पुन्हा शिकवायचा आहे. ती विद्यार्थिनी आता त्या वर्गात नसेल. तरी प्रश्न कोणी विचारण्याची वाट न पाहता मी सांगणार आहे, की हो, लागते. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली लागते. आणि माहितीदाराचे नाव सांगून मग निबंधाकडे वळणार आहे.