एकच शरीर, चार वह्या

माणसाचं शरीर हा विषय आमच्या घरात एकाच वेळी चार जण शिकतात आणि चौघांच्या वह्या निराळ्या आहेत. धाकटी नात आठवीत. पुतण्याचा पोरगा डी. फार्म.ला, मोठी नात बी. फार्म.ला. सून गावात आशा आहे, तिचं ट्रेनिंग चालूच असतं. आणि मी पाचवा, बिगर वहीचा. माझी दहावी झाली त्याला पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली. पुढं शेतीच केली.

आमच्या चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची संस्था १९२८ सालापासून आहे. आज तिथं इंजिनिअरिंग आहे, फार्मसी आहे. त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना औषधाचं शिक्षण घ्यायला नाशिकच गाठावं लागतं असं राहिलं नाही. कांद्याच्या दोन-तीन गाड्या विकल्या की फीचं बघता येतं. भाव राहिला तर. डी. फार्म. दोन वर्षांचं, बी. फार्म. चार वर्षांचं. दोन्हीकडं पहिल्याच वर्षी हा विषय येतो. पोरं त्याला नुसतं एचएपी म्हणतात. आयुर्वेदाच्या कॉलेजात त्याचीच नावं आहेत रचना शारीर आणि क्रिया शारीर. मला ही नावं पटली. पाइपलाइन कुठून कुठं गाडलीय ती रचना, आणि त्यातून पाणी कसं पळतं ती क्रिया. शेतकऱ्याला दोन्ही ठाऊक लागतं, नाहीतर कुदळ मारायची कुठं?

धाकटीला मी हृदय मोटारीवरून समजावलं. विहिरीत पाइपाच्या बुडाला फुटवॉल असतो. मोटार बंद झाली तरी तो पाणी माघारी पडू देत नाही. हृदयात तशाच झडपा आहेत, रक्त एकाच दिशेनं जातं. पोरीला पटलं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "आप्पा, ठिबकचं पाणी परत विहिरीत येतं का? रक्त तर परत हृदयात येतं म्हणतात."

मी मोठ्या नातीकडं बघितलं. ती हसली. म्हणाली, "आप्पा, तुमची मोटार चुकली नाही, पण ती अर्ध्या वाटेपर्यंतच जाती." मग तिनं सांगितलं की युरोपातले जुने वैद्यसुद्धा शेकडो वर्षं तसंच धरून चालले होते. लिव्हरात रक्त नवं तयार होतं आणि शेताला पाणी दिल्यासारखं अंगात जिरून जातं, असं ते मानत. १६२८ साली हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरनं पुस्तक काढलं आणि साधा हिशोब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, दिवसात ठोके किती, आणि एवढं रक्त रोज नवं आणायचं कुठून?

तो हिशोब आम्ही खडूनं फरशीवर केला. एका ठोक्याला सत्तर मिलिलिटर धरा, मिनिटाला बहात्तर ठोके. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच मुळी पाच लिटरच्या आसपास. म्हणजे सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरा मारून येतं. दिवसाचं गणित सात हजार दोनशे लिटर. फवारणीच्या सोळा लिटरच्या पंपानं मोजलं तर साडेचारशे पंप! धाकटीनं ते वहीत लिहून घेतलं. पुस्तकातली आकृती ती विसरेल, साडेचारशे पंप विसरायची नाही.

तिच्या वहीत आणखी एक गोष्ट होती. आकृतीत अशुद्ध रक्ताच्या नळ्या निळ्या रंगवलेल्या. पोरीला वाटायचं रक्त खरंच निळं असतं. मी जन्मभर शेरडं-करडं पाळली, बैलाच्या जखमा धुतल्या. निळं रक्त कधी पाहिलं नाही. काळसर लाल असतं, एवढंच. निळा रंग ओळखीपुरता आहे, हे सांगायला एक वाक्य लागतं. लहानांना थोडं शिकवा, हरकत नाही. पण जे पुढं जाऊन पुसावं लागेल ते शिकवू नका. थोडं आणि खोटं यात फरक आहे.

सुनेच्या वहीत आकृत्या कमी. तिला फुप्फुसातल्या फुग्यांची गणती विचारत नाहीत. तिला बाळाचा श्वास मोजायला शिकवलंय. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर थांबायचं नाही, दवाखाना. एका वाक्याचं ज्ञान आहे, पण घड्याळ लावून वापरायचं. मोठ्या नातीला फुप्फुसाचं सगळं पाठ आहे, तरी झोपलेल्या बाळाचा श्वास मोजायला ती काकूकडूनच शिकली.

या सगळ्याची परीक्षा एका ऑक्टोबरात झाली. रांगड्या कांद्यावर फुलकिडे आले होते. शेजारच्या मळ्यात रोजानं आलेला एक तरुण उघड्या अंगानं फवारत होता. पंप गळका, पाठ ओली. दुपारी तो बांधावर बसला, ओकला, घामानं निथळला. माणसं जमली. "ऊन लागलंय, कांदा फोडून लावा, ताक पाजा." पुतण्याचा पोरगा तिथं होता. त्यानं डोळे बघितले. बाहुली मोहरीएवढी. कुणी म्हणालं, उन्हात बारीक होतीच. पोरानं त्याला शेडच्या अंधारात नेलं. तिथंही मोहरीच. तोंडाला लाळ, दंडाचं मांस उडतंय. सून श्वास बघून म्हणाली, "छातीत घरघर आहे. गाडी काढा." तोंडातून काही न देता ओले कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, औषधाची बाटली सोबत घेतली आणि चांदवडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाटलीवरचं नाव वाचून उपचार लगेच सुरू झाले. चौथ्या दिवशी गडी घरी आला.

त्या रात्री धाकटीनं विचारलं, "पोटात गेलंच नाही, तर विष चढलं कसं?" डी. फार्म.च्या पोरानं सांगितलं, कातड्यातून, श्वासातून. मोठीनं पुढचं सांगितलं. आपल्या नसा जिथं संपतात तिथं एक रस सुटतो, तो मांसाला नि ग्रंथींना काम सांगतो. काम झालं की दुसरा एक रस त्याला पुसून टाकतो. या जातीची कीडनाशकं त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतात. मग लाळ, घाम, पाणी, सगळं वाहतच राहतं. मी म्हणालो, म्हणजे मोटार चालू करायचं बटण धड आहे, बंद करायचं गेलं. ती म्हणाली, "आप्पा, ही मोटार बरोबर पोचली."

२०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा पेपर वाचून आम्ही हळहळलो होतो. पण घाम आलेलं, ओलं कातडं विष लवकर पितं, हे आम्हाला कुणी समजेल असं सांगितलं नव्हतं.

आता फवारणीचा हंगाम लागायच्या आधी मी गड्यांना लिंबाखाली बसवतो. कुणी चौथी शिकलेलं, कुणी शाळाच न पाहिलेलं. बाटलीवरचा त्रिकोण दाखवतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे प्यायचा नव्हे! बटणाची गोष्ट सांगतो, मोहरीची सांगतो. मोठी नात सुट्टीवर असली की मागं बसून ऐकते आणि कुठं घसरलो तर तिथंच टोकते.

मागच्या खेपेला एका म्हाताऱ्या गड्यानं विचारलं, "मालक, बाहुली बारीक झालेली ज्याची त्याला कशी दिसंल?" दिसणार नाहीच. म्हणून त्या दिवसापासून आमच्या रानात फवारणी एकट्यानं करायची नाही. दोघं लागतात. एकानं फवारायचं, दुसऱ्यानं अधूनमधून त्याचे डोळे बघायचे. एक रोज जास्त जातो. जाऊ द्या.