म्हाताऱ्या बँडांची पट्टी

अर्नाळा,
डिसेंबर 2025

चि. भाच्यास,

साठी ओलांडलेल्या माणसांनी हार्ड रॉक वाजवणं हास्यास्पद आणि ते ऐकायला हजारो रुपये घालणं त्याहून हास्यास्पद, असं तुझं म्हणणं. त्यांचा ऐन बहर रेकॉर्डवर आहे, तो घरी बसून ऐकावा. आधी हा ‘ऐन बहर’च तपासू. रोलिंग स्टोन्स 1962 साली सुरू झाले. मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, वाजवायला आले एप्रिल 2003 मध्ये. मिक जॅगर तेव्हा साठीला टेकला होता. आयर्न मेडन 1975चा. भारतात पहिल्यांदा बेंगळुरूला 2007 साली, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 1 फेब्रुवारी 2008 रोजी. त्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईतच झाला, आणि दौऱ्याचं बोइंग 757 गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. (पन्नाशीच्या उंबरठ्यावर विमानही चालवायचं आणि रात्री गायचंही, तुझी पिढी वर्क-लाइफ बॅलन्सबद्दल काय बोलते ते मला ठाऊक आहे.) गन्स अँड रोझेसचा पहिला अल्बम 1987चा, मुंबईतला पहिला कार्यक्रम डिसेंबर 2012चा, आणि त्या वेळी संचात गिटारवादक स्लॅश नव्हता. तो आणि अ‍ॅक्सल रोझ एकत्र महालक्ष्मी रेसकोर्सवर उभे राहिले ते मे 2025 मध्ये, रोझ 63 वर्षांचा झाल्यावर. म्हणजे इथल्या श्रोत्याने या लोकांचं तारुण्य मंचावर कधी पाहिलेलंच नाही. कॅसेटवर ऐकलं, तेही चार वेळा वाजवून घेतलेल्यातलं चांगलं निवडून, तुकडे जोडून तयार झालेलं. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं आपल्याकडे कोणी म्हणतो तेव्हा तो म्हाताऱ्या माणसाला स्टुडिओशेजारी उभा करून मापत असतो.

अपवाद आहे तो आपल्या बँडांचा. 1984 साली निघालेला रॉक मशीन, पुढे नाव बदलून इंडस क्रीड झालेला, ज्यात महेश तिनईकर गिटार वाजवतो. किंवा 1986 पासून मुंबईतल्या रंगभवनात गाजलेला इंडिपेन्डन्स रॉक महोत्सव. रंगभवन शांतता क्षेत्रात आल्यावर तिथला आवाज थांबला. हा महोत्सव बऱ्याच खंडानंतर नोव्हेंबर 2022 मध्ये माझगावात पुन्हा भरला आणि इंडस क्रीडही त्यात वाजला. श्रोते आणि वादक एकाच वेगाने पिकले असं उदाहरण आपल्याकडे एवढंच, आणि तिथे वयाची तक्रार मी फारशी ऐकली नाही.

आता आवाजाचा मुद्दा. तो खरा आहे. वयानुसार स्वरयंत्राची लवचीकता जाते आणि वरचे स्वर आधी दगा देतात. डीप पर्पलच्या इयन गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’ हे 1970चं, किंचाळीपर्यंत चढणारं गाणं 2002 नंतर गायचंच सोडलं. तू म्हणशील, मग ख्यालगायक कसे गातात? भीमसेन जोशी 2007 साली, पंच्याऐंशीच्या वयात, सवाई गंधर्व महोत्सवात गायला बसलेच ना! पण ही तुलना मी तुझ्याविरुद्ध फार ताणणार नाही. ख्यालगायकाच्या हाती पट्टी असते, लय असते, आणि राग त्या रात्री कुठून उलगडायचा तेही असतं. रॉकचं गाणं बांधलेलं असतं, लोकांना तोंडपाठ असतं; त्यातला एक चढा स्वर गळला तरी पन्नास हजार माणसांना कळतं. आपल्याकडचं जवळचं उदाहरण खरं तर बालगंधर्वांचं. साठीच्या घरातही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. काहींना तो गळा तरीही पुरला, काहींना ते बघवलं नाही. दोघेही खोटं बोलत नव्हते.

माझा दावा याच्या पुढचा आहे. हार्ड रॉकचा बाज धडधाकट शरीरांतून निघालाय ही समजूतच चुकीची. ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना, 1965 साली, बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्राखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या, हलक्या तारा लावल्या, आणि 1971च्या अल्बमपर्यंत गिटार दीड स्वर खाली उतरवली, कारण सैल तार दाबायला सोपी. जो जड, खर्जातला नाद पुढे साऱ्या जगाने उचलला, त्यामागे ही दुखापत आहे. डेफ लेपर्डच्या ड्रमवादक रिक ॲलनचा डावा हात 31 डिसेंबर 1984च्या अपघातात गेला; त्याने डाव्या हाताचं काम पायातल्या पेडलांकडे दिलं आणि आजही वाजवतो. शरीर नाही म्हणतं तिथे वाजवण्याची तऱ्हा बदलायची, हे या संगीताच्या पायातच आहे. मग वय झाल्यावर पट्टी उतरवणारा, गाणी वगळणारा, सावकाश वाजवणारा बँड आपला मूळ धर्मच पाळतो आहे. मैफलीला जाऊन नेमकं हेच ऐकायचं असतं: काय सोडलं, काय उतरवलं, आणि ठेका तरी एकमेकांत घट्ट आहे का. तो ठेका चाळीस वर्षं एकत्र वाजवल्याशिवाय येत नाही, आणि वीस वर्षांच्या पोरांना तो उसना आणता येत नाही.

यावर तुझा पुढचा आक्षेप मला दिसतो: सगळे इतके प्रामाणिक नसतात. बरोबर. किस या बँडने 2 डिसेंबर 2023 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि तिथेच, यापुढे संगणकावर घडवलेल्या प्रतिमा किस म्हणून वाजवतील असं जाहीर केलं. तिथे जायला मी तुला सांगणार नाही; ज्या आकृतीला थकवा येत नाही तिच्या ठेक्यात ऐकण्यासारखं काही उरत नाही. उलट आयर्न मेडनचा ड्रमवादक निको मॅकब्रेन. 2023च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, सावरून तो पुन्हा दौऱ्यावर गेला, आणि डिसेंबर 2024 मध्ये आपणहून दौऱ्यांतून बाजूला झाला. ब्लॅक सबाथचा गायक ओझी ऑसबर्न 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमला सिंहासनावर बसूनच गायला, आणि 22 जुलैला गेला. त्या गर्दीत संगीतापेक्षा निरोपाची भावना जास्त असणार, हे मी मान्य करतो. पण निरोप द्यायलाही माणूस समोर असावा लागतो.

राहता राहिला अंतराचा आणि कानांचा प्रश्न. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करण्याचा नियम तुझ्या सोयीचा आहे: महालक्ष्मीहून निघून गाडी बदलत विरारची लोकल मिळते, आणि पुढे अर्नाळ्यापर्यंत रिक्षा. रात्रीचा मुक्काम आमच्याकडे कर. कानांचं मात्र गमतीत घेऊ नकोस. 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला 2016 साली बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्ध्यात सोडावा लागला आणि उरलेले कार्यक्रम अ‍ॅक्सल रोझने गायले. कानात घालायचे फोमचे बोळे औषधांच्या दुकानात मिळतात. आणि कठड्याला चिकटून उभा राहू नकोस. मैदानाच्या मध्यावर जिथे मिक्सर घेऊन माणूस बसलेला असतो त्याच्या मागे थांब, कारण तो आवाज जुळवतो तो त्या जागेवर बसून.

तुझा,
मामा