संध्याकाळी तळीवर भेटू

सोळाव्या वर्षी आम्हाला एकही मित्र नव्हता. हे साधे वाक्य कागदावर उतरविण्यास आम्हाला जवळजवळ तीस वर्षे लागली.

गोष्ट १९९६ सालची. फोंड्याजवळच्या आमच्या गावी देवळाला लागूनच तळी आहे. वर्ग सुटताना एक मुलगा सहज म्हणाला, "संध्याकाळी तळीवर भेटू रे!" आम्ही दिवेलागणीपूर्वीच पायरीवर जाऊन बसलो. चौघडा झाला, आरती झाली, पुजारी दार लोटून घरी गेले. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आम्ही गेलो आणि तिसऱ्याही. कारण संध्याकाळ कोणती, हे त्याने सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी त्याला विचारले, तेव्हा सारा वर्ग हसला. 'भेटू' हा निरोप घेण्याचा एक प्रकार आहे, भेटीचा करार नव्हे, हे इतर मुलांना कोणी शिकविले होते, कोण जाणे!

असल्या मुलाला माणसे नकोच असतात, असा लोकांचा समज असतो. जत्रेच्या रात्री ताशांचा कडकडाट आम्हाला सोसवत नसे, म्हणून आम्ही दीपस्तंभाआड उभे राहत असू. पाहणारे म्हणत, पोराला देवाधर्माची गोडी नाही. वास्तविक पालखीचा मार्ग आणि तिचे थांबे आम्हाला तोंडपाठ होते. कदंबच्या गाड्यांचे वेळापत्रक तर विचारूच नका. ते आम्ही मुलांना ऐकवीत असू आणि यालाच मैत्री म्हणतात, असे समजत असू. मुले एकेक करून पांगत. देवळाच्या कचेरीतील वृद्ध कारकून तेवढे म्हणत, "बाब, इथे येऊन बस," आणि पावत्यांची बेरीज आमच्यापुढे सरकवीत. त्या बेरजांवर आमची दोन वर्षे निघाली.

पुढे आम्ही वकील झालो, याचे पुष्कळांना नवल वाटते. आम्हाला वाटत नाही. न्यायालयात कोणी केव्हा बोलावे हे ठरलेले असते: आधी सरतपास, मग उलटतपास, मग फेरतपास. लग्नाच्या पंगतीत असा काही क्रम नसतो; तिथे आम्ही आजही घामाघूम होतो.

या स्वभावाला स्वमग्नता म्हणतात, हे आम्हाला कळले ते भाच्यामुळे. डॉक्टर त्याच्याविषयी बहिणीला प्रश्न विचारीत होते आणि शेजारी बसलेले आम्ही मनातल्या मनात प्रत्येकाला स्वतःपुरते 'होय' म्हणत होतो. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध १९४३ साली लिहिला. आपल्याकडे १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार मोजले, त्यात हे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आले आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांतही आले. म्हणजे तळीच्या पायरीवर बसलो तेव्हा कायद्याच्याही लेखी आम्ही केवळ विक्षिप्त होतो! डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या इंग्रज अभ्यासकाने २०१२ साली मांडले की, न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते. आम्हाला जसे इतर उमगत नाहीत, तसेच त्यांनाही आम्ही उमगत नाही. हा युक्तिवाद सोळाव्या वर्षी हाती असता, तर त्या वर्गात आम्ही निदान उलटतपास तरी घेतला असता.

भाचा आता पंधरा वर्षांचा आहे. गेल्या कार्तिकात तो म्हणाला, "मामा, वर्गातला एक मुलगा रविवारी तळीवर येतो म्हणालाय. येईल का?"

आमच्या पोटात खड्डा पडला. आम्ही विचारले, "किती वाजता म्हणाला?"

"चार."

वेळ सांगितली होती, एवढाच काय तो आधार. साडेतीनलाच आम्ही दोघे पायरीवर जाऊन बसलो. चार वाजले. सव्वाचार झाले. भाचा पाण्यातील मासे मोजीत होता. आम्ही त्याला काय सांगावे, याची जुळवाजुळव करीत होतो आणि एकही वाक्य धड जमत नव्हते. चार वाजून वीस मिनिटांनी वळणावर एक सायकल दिसली.

भाच्याने आमच्याकडे न पाहताच म्हटले, "मामा, आता तू घरी जा."