कागदी कप

तो कोल्हापूरचा. १९१९ साली शाहू महाराजांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, हे तो मित्रमंडळींत अशा तोऱ्यात सांगायचा, की त्या कायद्याचा मसुदा त्याच्या पणजोबांनीच लिहिला असावा. मला ते आवडायचं. मी दलित, तो मराठा. हा माणूस ऐनवेळी कच खाणार नाही, असं वाटायचं.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं, हेही त्यानंच सुचवलं. पुण्यात नोटीस दिली. ती फलकावर लागते, ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं आणि मग ३ साक्षीदारांसमोर सह्या. तेवढ्या दिवसांत त्याच्या घरी जाऊन यायचं ठरलं.

विरोध होणार, हे मी धरूनच गेले होते. पण आरडाओरडा वगैरे काही झालं नाही. आत्याबाईंनी गाव विचारलं, मग आडनाव, मग "नाही, मूळ आडनाव काय?" चहा आला. बाकी सगळ्यांना कपबशीतून, मला कागदी कपात. त्यानं ते पाहिलं. पाहिलं हे नक्की, कारण आमची नजरानजर झाली. मग त्यानं आपला चहा बशीत ओतला आणि यंदाच्या उसाच्या दराचा विषय काढला. एरवी राजकारणावर बोलताना समोरच्याला तोंड उघडू न देणारा माणूस! निघताना त्याची आई मला म्हणाली, "पोरगी चांगली हाईस गं, पण पावण्यांना काय सांगायचं?" निदान जे मनात होतं, ते ती बोलली तरी.

परतीच्या एसटीत मी कपाचा विषय काढला. "आईचं वय झालंय. तूच जरा समजून घे," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर कदाचित मी गप्प बसले असते. पण साताऱ्याच्या पुढे त्याला तोडगा सुचला. लग्नानंतर माझं आडनाव बदलेलच, मग गावाकडं कुणाला काही कळायचंच नाही. हे तो मला धीर द्यायला सांगत होता! जात लपवण्याची ही सोय त्याला खरोखरच प्रेमाची वाटत होती, आणि त्या घरात काही बोलायची वेळ आली तर ती माझ्यावरच येणार, हे मला तिथं कळलं.

मैत्रिणी म्हणाल्या, दारू नाही, मारहाण नाही, नोकरी चांगली. एका कपावरून एवढं कशाला? त्यांच्यापैकी एकीलाही कुणी कधी मूळ आडनाव विचारलेलं नाही.

नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही, तर ती आपोआप बाद होते. आमची तशीच झाली. कार्यालयात कुणाला काही सांगावं लागलं नाही.