उचलून लावायचे दार

भांडुपला हवापालटासाठी गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्या मुलुंडची मंडळी भांडुपचे नाव घेतात ती 'मग भांडुप, मग आपण' एवढ्यापुरतीच. वास्तविक या गावाचे रेल्वेवर केवढे उपकार आहेत! मुंबईहून ठाण्यापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांना 1843 साली भांडुपच्या भेटीतच प्रथम सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. दहा वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, गाडी धावली आणि तेव्हापासून माणसे भांडुपवरून पुढेच जात आली आहेत. मीही इतकी वर्षे पुढेच जात होतो. यंदा पावसाळा सरता सरता मी भांडुपला मुद्दाम उतरलो, त्याला कारण झाले आमच्या गाडीचे एक दार.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1987 सालची. वडिलांनी 1996 साली एका निवृत्त गृहस्थांकडून ती जुनी म्हणूनच विकत घेतली. त्या गृहस्थांनी किल्ली देताना एकच सूचना केली होती : "डावीकडचं पुढचं दार जरा उचलून लावा." वडिलांनी ही सूचना एखाद्या मंत्रासारखी आम्हां सर्वांना दिली. खालच्या कडेला हात घालायचा, बोटभर उचलायचे आणि मग ढकलायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ओरडून सांगत असू, "थांबा, आपटू नका, उचलून लावा!" त्या दारापाशी आई बसे. वडील गेले, मी गाडी चालवू लागलो, आणि आई त्याच जागी बसून त्याच हातोटीने दार लावत राहिली. हा त्या दाराचा स्वभाव आहे अशी आमची पक्की समजूत झाली होती. एखाद्या काकांना मोठ्याने बोलायची सवय असते, तसा.

यंदा जुलैत, भर पावसात, आम्ही ठाण्याला मावशीकडे निघालो होतो. उजवीकडे वळण घेतले आणि आईच्या बाजूचे दार सताड उघडले. पट्टा बांधलेला होता म्हणून ती आतच राहिली. पण तिची पिशवी रस्त्यावर गेली आणि मागून येणाऱ्या रिक्षाने ती चिरडली. मोटारीच्या दाराच्या लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्यावर दार नुसते अडकते, दुसऱ्यावर ते खरोखर बंद होते. आमचे दार आजवर किती वेळा पहिल्याच टप्प्यावर राहिले असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. आई मात्र म्हणाली, "माझंच चुकलं. नीट उचललं नाही."

घरात निकाल लागला : दिवाळीच्या आत दार दुरुस्त, नाहीतर गाडी भंगारात. सौभाग्यवतींनी भंगारवाल्याचा भावही काढून ठेवला.

खरे म्हणजे दाराची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी एकदा झाली होती. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याने बिजागरीत लाकडाचा तुकडा घालून दार जोराने दाबले, खांबावरची लॉकची पट्टी थोडी खाली सरकवली, खालच्या बाजूचे गंजके खड्डे लांबी भरून बुजवले, वरून रंग मारला आणि पैसे घेतले. चार महिने दार लोण्यासारखे लागत होते. पाचव्या महिन्यात आम्ही पुन्हा उचलू लागलो.

कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या परिचराने मला भांडुपच्या मिस्त्रींचा पत्ता दिला. लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, मुलुंडहून दक्षिणेकडे आला की भांडुपात त्याच्या दोन्ही अंगांना एकेकाळी कारखान्यांची रांग होती. सिएट टायरचा कारखाना इथला, गेस्ट कीन विल्यम्स इथली, एशियन पेंट्सही इथेच. 1950 साली मुंबईची हद्द वाढवली तेव्हा ती मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत आली. पुढे 1957 साली ती मुलुंडपर्यंत गेली. शहराच्या कडेची मोकळी जमीन आणि दाराशी रेल्वे, म्हटल्यावर कारखाने येणारच. आणि कारखान्यांमागून कोकणातून, देशावरून, उत्तरेतून माणसे आली. त्यांनी टेकडीच्या उतारावर घरे बांधली. आज पुष्कळ धुराड्यांच्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. पण कारखाना गेला तरी कारागिराचा हात कोठे जातो? रस्त्यामागच्या गल्ल्यांतून शिरलात तर छोट्या छोट्या गाळ्यांत लेथ फिरताना, कानस घासताना, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसतील. भांडुपची खरी प्रेक्षणीय स्थळे हीच, असे आता माझे मत झाले आहे.

मिस्त्री साठी ओलांडलेले, रत्नागिरीकडचे. तरुणपणी कुर्ल्याला, म्हणजे पद्मिनीच्याच माहेरी, काही वर्षे नोकरीला होते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच रस्त्यावर, भांडुपपासून पाच स्टेशने अलीकडे. एके काळी या गाडीसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. 2000 सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. मिस्त्रींकडे मात्र त्या दिवशी दोन पद्मिनी उभ्या होत्या, आणि कोपऱ्यात एक 'डुक्कर' फियाटही. तिची पुढची दारे मागच्या खांबाला टांगलेली. मिस्त्री म्हणाले, "सर, तुमचं दार या गाडीसारखं असतं आणि चालताना उघडलं असतं, तर वाऱ्यानंच उपटून नेलं असतं. तुमच्या दाराची बिजागरी पुढे आहे. वारा त्याला आत दाबतो. म्हणून निभावलं."

मी दार दाखवू लागलो तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलेच नाही. ते गाडीपासून दहा पावले मागे गेले, उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. मग जवळ येऊन दारांच्या भोवतीच्या फटींतून त्यांनी करंगळी फिरवली. पुढच्या आणि मागच्या दारामधली फट वर निमुळती आणि खाली रुंद होती. इतक्या वर्षांत हे माझ्या डोळ्यांना कधी दिसले नव्हते; आणि मी वर्गात मुलांना बारकाईने वाचायला शिकवतो!

मग त्यांनी दार अर्धे उघडून टोकाला धरले आणि वर-खाली हलवले. खडक-खडक आवाज आला. "बिजागरीकडे बघा," ते म्हणाले. पाहिले तर दार हलत होते, बिजागरीची खांबाकडची बाजू स्थिर होती, आणि मधली खीळ आपल्या भोकात डुलत होती. खीळ झिजली होती. दोन बिजागऱ्यांमधले अंतर फूटभर आणि दाराची लांबी तीन फूट धरली, तर खिळीशी एक मिलिमीटरची झीज टोकाशी तीन मिलिमीटर होते. हा हिशेब मिस्त्रींनी खडूने फरशीवर मांडून दाखवला. बिजागरीबरोबर खांबाचा पत्राही हलला असता, तर दुखणे मोठे ठरले असते.

मी सुटकेचा श्वास टाकला, तो फार लवकर टाकला. मिस्त्रींनी गाडीखाली जॅक लावला आणि पुढची बाजू हळूहळू उचलली. "आता फटीत बोट घाला." बोट घातले. जॅक वर जाऊ लागला तशी वरची फट बोटाला चिमटा घेऊ लागली. म्हणजे गाडी मध्येच वाकत होती! या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, खांब, छप्पर आणि दाराखालचा उंबरठा या सगळ्यांची मिळून एकच पेटी, आणि तीच सगळा भार पेलते. उंबरठा कुजला की पेटी दाराच्या जागी खचते. मिस्त्रींनी उंबरठ्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. तो रंगातून, लांबीतून आणि पत्र्यातून पापडातून जावा तसा आत गेला.

"दाराचं काय घेऊन बसलात सर? दार कधीपासून सांगतंय."

दारात काचेच्या फटीतून पाणी शिरणारच, ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी आणि उंबरठ्यालाही बारीक भोके ठेवलेली असतात. आमच्या गाडीची काही भोके चिखलाने बुजली होती आणि उरलेली त्या गॅरेजवाल्याच्या लांबीने. पाणी दोन पावसाळे आत साचून राहिले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. इथे तर बंबानेच आग वाढवली होती.

मिस्त्रींनी खर्चाचा आकडा सांगितला. तो भंगाराच्या भावाच्या जवळजवळ तिप्पट होता. शिवाय गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, पुढची खेप 2027 साली. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर पडलो. चालत चालत वरच्या अंगाला निघालो. टेकडीपलीकडे विहार आणि तुळशी हे तलाव, अलीकडे महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र. मुंबईच्या नळांत येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा इथे स्वच्छ होऊन खाली उतरतो. रुळांपलीकडे, खाडीच्या बाजूला, भांडुप पंपिंग स्टेशनपाशी हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक पहाटे दुर्बिणी घेऊन येतात. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत किती काय मावले आहे! एका चहाच्या टपरीवरून मी आईला फोन केला आणि सगळे सांगितले. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

मी परत जाऊन मिस्त्रींना काम सुरू करायला सांगितले.

पुढचे चार शनिवार मी तिथे हजर होतो. या कामाचा क्रम फार महत्त्वाचा, आणि तो चुकवूनच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. पहिले म्हणजे दारे काढून उंबरठा कापायचा नाही. गाडी चारी बाजूंनी सपाट टेकवून, दारे जागेवर ठेवून, फटी जमेपर्यंत आधार कमी-जास्त करायचा. मग कुजका पत्रा थोडा थोडा कापून नवा बसवायचा. आधी चार-चार बोटांवर वेल्डिंगचा नुसता ठिपका, पुन्हा दार लावून पाहायचे, मग पुढचा टाका. वाकड्या अवस्थेत एकदा का पत्रा पक्का जोडला, की ती गाडी जन्माची वाकडी. एका शनिवारी चार तासांत केवळ वीतभर काम झाले आणि मिस्त्री भलतेच खूश दिसले.

खिळींचे काम त्या मानाने झटपट झाले. जुन्या खिळी पंचाने ठोकून काढल्या. त्यांची भोके लांबट, अंड्यासारखी झाली होती. ती गोल आणि किंचित मोठी करून घेतली आणि शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्याने त्या मापाच्या खिळी आणि पितळी बुश कातून दिले. त्याने मजुरी सांगितली ती ऐकून मला आपल्या पगाराची लाज वाटली.

दारे बसवताना सुरुवात मागच्या दारापासून. मागचे दार गाडीच्या न हलणाऱ्या मागच्या अंगाशी जुळवायचे, पुढचे दार मागच्या दाराशी, आणि मडगार्ड शेवटी पुढच्या दाराशी. आम्ही सारे नेमके उलट, जे दुखते तिथून सुरुवात करतो. दुसरी गोष्ट, दार बसवताना लॉकची पट्टी खांबावरून काढूनच ठेवायची. ती जागेवर असली की दाराला टेकू देते आणि दार सरळ असल्याचा भास होतो. दार आधी आपल्या बिजागरीवर मोकळे, अधांतरी, सरळ उभे राहिले पाहिजे. मग पट्टी दाराकडे आणायची, दार पट्टीकडे नाही. दाराखाली लाकडी ठोकळा, त्याखाली जॅक, बिजागरीभोवती पेन्सिलीची रेघ, आणि सरकवायचे ते नखाएवढे.

शेवटी रबर. मी बाजारातून हौसेने जाड रबर नेले होते. मिस्त्रींनी ते परत आणायला लावले. जाड रबर दाराला बाहेर ढकलते, मग माणूस दार आपटतो आणि नवी खीळ झिजू लागते. पातळ रबर लावल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावले आणि ती ओढली, जागोजाग ओढली. सगळीकडे ती सारख्याच जोराने निघाली. उजवीकडच्या मागच्या दाराची फट अजून जराशी वाकडी होती. ती दाखवली तर म्हणाले, "ते नीट लागतंय. त्याला हात लावायचा नाही."

गाडी न्यायला आई बरोबर आली. मिस्त्रींनी तिच्यासाठी दार उघडले, ती सावकाश बसली आणि सवयीने खालच्या कडेला हात घालून तिने दार उचलले. दार उचलले गेले नाही. तिने माझ्याकडे पाहिले, पुन्हा प्रयत्न केला.

"आजी, नुसतं ओढा," मिस्त्री म्हणाले.

तिने दोन बोटांनी ओढले. खट् झाले. तिने ते उघडून पुन्हा लावले. असे चार-पाच वेळा. शेजारचा लेथवाला यंत्र थांबवून बघत उभा राहिला.

पैसे मोजून झाल्यावर मिस्त्रींनी वीतभर तांब्याची तार आणून दिली. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, दाराखालच्या प्रत्येक भोकातून ती फिरवायची. आणि मग दर पंधरा दिवसांनी, दसऱ्यापर्यंत. मी हात पुढे केला, पण आईने ती तार आधीच घेतली होती. तिने ती रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. पिशवी नवी होती.