जगात जर्मनी, अंगणात पद्मिनी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही परभणीकर छातीठोकपणे म्हणतो. आमच्या अंगणात मात्र अण्णांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. जर्मन नव्हे, इटालियन फियाटच्या घराण्यातली, जन्म कुर्ल्याचा. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून माझ्यातला बी. कॉम. जागा झाला आणि गाडी घरीच रंगवायची ठरली.

रंगकामात रंग सर्वांत शेवटी येतो, हे कॉमर्सला शिकवत नाहीत. आधी जुना रंग आणि गंज घासा, मग प्रायमर, मग लांबी, मग पुन्हा घासा. पॉलिशपेपरचा नंबर जितका लहान तितका तो भरड. मी नेमके उलटे समजलो. ८० नंबरने बॉनेटवर जे कोरीवकाम झाले, त्याला वेरूळला जागा मिळाली असती.

त्यात मे महिना. आमच्या उन्हात पत्रा असा तापतो की फवारा पोचेपर्यंत थिनर उडून जातो आणि रंग रव्यासारखा बसतो. म्हणून पहाटे पाचला काम. “बँकेत कधी इतक्या लवकर गेला नाहीत,” ही म्हणाली.

चौथ्या दिवशी मागच्या मडगार्डावरची लांबी सुटली आणि खालचा पोचा उघडा पडला. पोचा माझाच. अठराव्या वर्षी अण्णांना न विचारता गाडी काढली होती. ‘बैलगाडी घासून गेली,’ असे तेव्हा सांगितले होते. मी घाईघाईने लांबीचा डबा उघडला.

ओसरीवरून अण्णा म्हणाले, “थांब रे. लिंबाची साल चिकटलेली असंल बघ, ती आधी काढ.”