आकड्यांचे मावळे

छत्तीसचा आकडा मला भांडणातला म्हणून आधी कळला, गणितातला नंतर. आजीने पाटीवर ३ आणि ६ काढून दाखवले होते. ही थोरली जाऊ, ही धाकटी, बघ कशा पाठीला पाठ लावून बसल्यात! मग ओल्या फडक्याने दोघींना पुसलं आणि जागा बदलून ६३ काढले. आता दोघी समोरासमोर, बहुधा तिसरीच्या कागाळ्या करत. आकड्यांना तोंड असतं, पाठ असते, हे शाळेत जायच्या आधीच पक्कं झालं.

शाळेतही अक्षरं माणसांसारखीच भेटली. ष पोटफोड्या, श शेंडीफोड्या, आणि जोडाक्षर आलं की कुणाचा तरी पाय मोडायचा. गुरुजी हे अगदी गंभीरपणे सांगत आणि मागच्या बाकावर आम्ही त्या ष ला धोतर नेसवत असू. चेहऱ्याची रीत ठरलेली होती: दोन शून्यांचे डोळे, नाकाला १, डावा कान ६ आणि उजवा ३. तोंड ज्याचं त्याने काढावं. ४ म्हणजे शीर्षासन, खाली वाटोळं डोकं आणि वर फाकलेले पाय.

खरी धमाल दिवाळीच्या किल्ल्यावर. मातीचे मावळे बाजारात मिळत, पण आमचे पैसे महाराजांपाशीच संपत. मग थोरल्या भावाने वहीच्या पुठ्ठ्यातून आकडे कापले, गेरूने रंगवले, मागून काडी लावून मातीत रोवले. दरवाजावर ताठ उभा १, तालमीत ४, आणि बुरुजावर पोटाशी पाय घेऊन झोपलेला पहारेकरी ७. त्याला कडेलोटाची शिक्षा रोज संध्याकाळी व्हायची. महाराजांचा आकडा करायची मात्र कुणाची छाती झाली नाही. शेजारच्या पोरांनी यथेच्छ नावं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच किल्ल्यावर ५ दिसला.

हा उद्योग आमच्याच आळीचा असं वाटायचं. पुढे वाचनात आलं की जपानी मुलं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. त्यांच्या लिपीतल्या 'हे'च्या भुवया, 'नो'चे डोळे, 'मो'चं नाक, पुन्हा 'हे'चं तोंड, आणि चेहऱ्याची कड 'जि'ने ओढायची. असलं तोंड तिथे शेतातल्या बुजगावण्यालाही मिळतं. फ्रान्सचा कवी गियोम आपोलिनेर याने तर १९१५ साली, ऐन महायुद्धात, लू नावाच्या प्रेयसीला पाठवलेल्या कवितेच्या ओळी वळवून टोपी घातलेली ती स्वतःच कागदावर उभी केली.

आपल्याकडे र. कृ. जोशी होते. कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत शिकवणारे. कविता वाचायच्या आधी बघायला लावणारा माणूस. संगणकावर कित्येक वर्षं आपण ज्या 'मंगल'मध्ये मराठी वाचलं तो फॉन्टही त्यांचाच. मंगल इतका शिस्तीचा, की तोच हात दृश्यकविताही करायचा हे चटकन पटत नाही. मला विचाराल तर पोटफोड्या ष ची मस्ती त्यांनाच पुरती कळली असती.

आता मुलांना गिरवायला ठिपक्यांच्या छापील वह्या मिळतात. त्यात ठिपका सोडून बाहेर गेलं की लाल फुली. यंदाच्या सुट्टीत निदान चार दिवस त्या मिटून ठेवा आणि पोरांच्या हाती पुठ्ठा, कात्री द्या. आमच्याच्याने ८ चा माणूस कधी झाला नाही. तुमच्याकडे कुणाला जमला तर जरूर कळवा.